साहेबांची सत्यप्रत

साहेब निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांच्याकडून टेबलाची किल्ली परत घेतली, ओळखपत्र घेतलं आणि गोल शिक्काही काढून घेतला. साहेबांनी तो रीतसर पोच घेऊन दिला, आणि घरी येताना वाटेत डिट्टो तसाच दुसरा करून घेतला.

उभ्या हयातीत त्यांनी एकच काम केलं होतं. लोक आपापल्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन यायचे. साहेब मूळ कागद आणि झेरॉक्स समोरासमोर धरायचे, चष्म्यावरून त्या माणसाकडे एक संशयी नजर टाकायचे आणि झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ असं लिहून खाली सही ठोकायचे. वर शिक्का. त्या सहीसाठी भली भली माणसं व्हरांड्यात ताटकळायची. इतकी वर्षं लोक आपल्यासाठी ताटकळले की माणसाच्या डोक्यात काय शिरतं ते वेगळं सांगायला नको. साहेबांना मनापासून वाटायला लागलं होतं की कागद खरा होतो तो त्यांच्या सहीमुळे.

घरातही तोच कारभार. खरे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आणि लग्नाकार्यात बायकोच्या गळ्यात खोटे. चांगला टी-सेट काचेच्या कपाटात आणि चहा कान तुटलेल्या कपातून. सोफा घेतला त्या दिवसापासून त्याच्यावर चादर. तिच्याखालचा रंग कोणता हे खुद्द मुलालाही आठवत नव्हतं. “ओरिजिनल वापरायचं नसतं, जपायचं असतं,” हे साहेबांचं आवडतं वाक्य. ते उच्चारताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की जणू हा शोध त्यांनीच लावला.

या जपणुकीत त्यांच्या बायकोचा पासपोर्टही अडकला होता. तो काढला तेव्हा तिची धाकटी बहीण नुकतीच लग्न होऊन दूरच्या एका बंदराच्या गावी गेली होती. “येऊन जा गं,” असं तिनं म्हणायचं आणि साहेबांनी “यंदा नको, पुढच्या वर्षी बघू,” म्हणायचं, असं करता करता पासपोर्टाची मुदत संपली. नवा काढला. तोही कपाटात पडून पडून संपला. आता हा तिसरा. जन्मात एकदाही घराबाहेर न पडता पासपोर्टाच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या होऊन गेल्या, आणि साहेब चारचौघांत अभिमानानं सांगायचे, “हिचा पासपोर्ट बघा, अगदी कोरा करकरीत!”

या बाईला नवरा ‘अगं’ म्हणायचा, शेजारी ‘साहेबांच्या मिसेस’ म्हणायचे आणि मुलगा आई म्हणायचा. तिला ‘ताई’ म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, ती धाकटी. आणि धाकटीचे डोळे चालले होते.

एकदम गेले नव्हते. आधी मधोमध एक डाग आला, मग तो पसरला. “मला आता माणूस कडेनं दिसतं, ताई,” ती फोनवर सांगायची. “चेहरा बघायचा तर कानाकडे बघावं लागतं. भाजीवाल्याला वाटतं मी त्याच्या कानातल्या बाळीवर डोळा ठेवून आहे.” आणि स्वतःच हसायची. ते कडेचं दिसणंही फक्त सकाळी, ऊन कोवळं असेपर्यंत. सूर्य वर आला की तिच्या डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड पसरायचा. आणि हेही फार काळ टिकणार नव्हतं. डॉक्टरांनी मुदत सांगायचंसुद्धा सोडून दिलं होतं. व्हिडिओ कॉलचा उपयोग नव्हता, त्या चकाकत्या पडद्यात तिला काहीच कळायचं नाही. शेवटी एकदा हसणं थांबवून ती म्हणाली होती, “ताई, तुला एकदा बघायचंय गं. मग गेले डोळे तर जाऊ देत.”

त्यानंतर महिन्याभरात मुलाने आईबापांना जहाजाच्या सफरीची तिकिटं दिली. साहेब नेहमीप्रमाणे “कशाला उगाच,” म्हणणार होते, पण ताईने सफरीच्या कागदावर धाकटीच्या गावाचं नाव वाचलं. चौथ्या दिवशी, सकाळी जहाज लागणार, संध्याकाळी सुटणार. साहेबांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “आम्ही जाणार.” लग्न झाल्यापासून ‘आम्ही’ हा शब्द त्या घरात साहेब सोडून कुणी वापरलाच नव्हता.

जहाजावर साहेबांनी पहिलं काम काय केलं, तर केबिनच्या कपाटातली छोटी तिजोरी उघडून बघितली. बाहेर समुद्र होता, डेकवर लोक हुंदडत होते आणि साहेब गुडघ्यांवर बसून तिजोरीचं दार पुन्हा पुन्हा लावत-उघडत होते. दोन्ही पासपोर्ट आत गेले. नंबर त्यांनी स्वतः घातला, ताईकडे पाठ करून.

“मला सांगून ठेवा ना नंबर,” ताई म्हणाली.

“तू विसरशील.”

“नाही विसरणार.”

“मग कुणाला तरी सांगशील.”

ताई खिडकीपाशी जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या देशाचे अधिकारी जहाजावरच आले आणि जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडून सगळ्यांचे पासपोर्ट बघून शिक्के मारून गेले. ताईच्या कोऱ्या पानावर पहिला शिक्का पडला तेव्हा साहेबांनी असं तोंड केलं की जणू पोटच्या पोराला इंजेक्शन टोचलं. शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली आणि दोन्ही पासपोर्ट लगेच तिजोरीत परत.

संध्याकाळी दाराखालून सूचनेचा कागद आला. उद्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाने जहाजाचं कार्ड आणि मूळ पासपोर्ट जवळ बाळगावा. बंदराच्या फाटकावर झेरॉक्स चालणार नाही. तेच मग कर्ण्यावरून सांगितलं, एकदा नाही, तीनदा.

“ऐकलंत?” ताई म्हणाली.

“ऐकलं. असल्या सूचना बेशिस्त लोकांसाठी असतात.” साहेबांनी गळ्यातली पाऊच उघडली आणि आतून दोन कागद काढले. दोघांच्या पासपोर्टांच्या झेरॉक्स, त्यांच्यावर ‘सत्यप्रत’, सही, गोल शिक्का आणि वरून लॅमिनेशन. “पाण्यात पडलं तरी काही होणार नाही. असली तयारी या अख्ख्या जहाजावर कुणाची नसेल.”

“अहो, पण झेरॉक्स चालणार नाही म्हणतायत ना ते.”

“ही झेरॉक्स नाहीये. साक्षांकित आहे.”

“पण तिथे तुम्हाला कोण ओळखतंय?”

साहेब दुखावले. सहीला कोण ओळखतं हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. “ओरिजिनल घेऊन परक्या गावात हिंडायचं? खिसा कापला म्हणजे? मग बसा तिथेच भांडी घासत,” असं म्हणून त्यांनी दिवा मालवला.

सकाळी ते आंघोळीला गेले तेवढ्यात ताई तिजोरीपुढे जाऊन बसली. साहेबांची जन्मतारीख घालून पाहिली. मुलाची घातली. साहेबांच्या निवृत्तीची तारीख घातली, त्या तारखेवर तिचा फार भरवसा होता. तिजोरी नुसती टूं टूं करून लाल दिवा दाखवत राहिली. स्वतःची जन्मतारीख तिनं घालूनच पाहिली नाही, तेवढी ती नवऱ्याला ओळखून होती.

जहाज धक्क्याला लागलं तेव्हा ऊन अगदी कोवळं होतं. ताई केव्हाच पायात चपला घालून तयार होती. पण साहेबांचा नाश्ता व्हायचा होता. तिकिटात धरलेला नाश्ता अर्धवट टाकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. अंडी झाली, पाव झाला, मग कलिंगड झालं. मग “हे पिवळं काय आहे बघू,” म्हणून आणखी एकदा उठले. ताई खिडकीतून धक्क्यावरच्या सावल्या आखूड होताना बघत होती.

“धाकटी वाट बघत असेल हो.”

“तिला काय घड्याळ दिसतंय?” साहेब म्हणाले, आणि वर आपल्याच विनोदावर हसले.

त्या क्षणी ताईला त्यांची शिसारी आली. राग नव्हे, रागाची तिला सवय होती. एखाद्या ताटात केस निघावा आणि मग ते ताटच नकोसं व्हावं, तसं काहीतरी झालं.

उतरायच्या शिडीपाशी जहाजावरची मुलगी प्रत्येकाचं कार्ड मशीनला लावून विचारत होती, “पासपोर्ट घेतलात ना?” साहेबांनी पाऊचवर थाप मारून छातीठोकपणे “हो,” सांगितलं. मागे उभ्या ताईने “नाही,” म्हणायला तोंड उघडलं होतं, पण रांग रेटत होती आणि साहेबांनी तिचा दंड धरला होता.

धक्क्यावरून छोट्या बसने फाटकापर्यंत नेलं. फाटक म्हणजे काचेची एक खोली, तिच्याशेजारी कमरेएवढा फिरता लोखंडी दांडा आणि दोन्ही बाजूंना उंच जाळी. जाळीपलीकडे रस्ता होता, आणि रस्त्याच्या कडेला बाकावर धाकटी बसली होती. डोक्याला टोपी, हातात काठी, शेजारी तिची लेक. ताईने तिला लांबूनच ओळखलं. किती वाळली होती! लेक बोट दाखवून सांगत होती आणि धाकटी उत्सुकतेनं मान उंचावून भलत्याच दिशेला, एका क्रेनकडे बघत होती.

काचेच्या खोलीत एक दणकट बाई बसली होती, फाटकाची पहारेकरीण. साहेबांनी आपला तो ऑफिसातला चेहरा काढला आणि लॅमिनेट केलेले कागद काचेखालून सरकवले. पुढचं बोलणं दोन्हीकडच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत झालं, पण अर्थ कळायला कुणाला अडचण आली नाही.

पहारेकरणीने कागद उलटसुलट केला. “हे काय आहे?”

“सत्यप्रत.”

“ओरिजिनल?”

“जहाजावर. तिजोरीत. अगदी सुरक्षित.”

“इथे ओरिजिनल लागतं.”

“मॅडम, तुम्ही सही बघितली नाहीत. शिक्का बघा.”

“कुणाची सही आहे?”

“माझी!” साहेबांची छाती दोन इंच पुढे आली.

पहारेकरणीने कागदावरच्या फोटोकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग पुन्हा सहीकडे. “म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात, असं तुम्हीच लिहून दिलंय?”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. साहेबांनी पाऊचचा मागचा कप्पा उघडला आणि त्यातून तो गोल शिक्का आणि शाईचं पॅड बाहेर काढलं. समुद्राच्या सफरीवर हा माणूस शिक्का घेऊन आला होता! एक कोरा कागद घेतला, त्यावर शिक्का मारला, शेजारी नव्याने सही केली आणि “आता जुळवून बघा,” म्हणून तोही काचेखालून सरकवला. तोवर मागची रांग उघड उघड हसायला लागली होती. ताईला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. मग वाटलं, आपण का म्हणून? जायचं असेल तर यांनी जावं.

“छान आहे,” पहारेकरीण म्हणाली. “आता बाजूला व्हा.”

“मी एक जबाबदार अधिकारी...”

“हे बघा, बाहेर जाणाऱ्याला मी अडवत नाही. पण आत येणाऱ्याला ओरिजिनल बघितल्याशिवाय सोडत नाही. रोज दोनचार जण संध्याकाळी इथे रडत उभे असतात, म्हणून आत्ताच सांगते. काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

“चल,” साहेब ताईला म्हणाले. “परत जाऊ. ओरिजिनल घेऊन येऊ. या लोकांना काही समजत नाही.”

परत म्हणजे बस, मग जहाजाची रांग, मग सामान तपासायचं मशीन, मग लिफ्ट, मग तिजोरी, आणि तेवढंच सगळं उलटं. ताईने वर बघितलं. सूर्य क्रेनच्या टोकापर्यंत चढला होता.

“तुम्ही जाऊन घेऊन या,” ती म्हणाली. “मी धाकटीपाशी थांबते.”

“बाहेर? कागदाशिवाय? डोकं ठिकाणावर आहे का? मी परत आलोच नाही तर?”

बोलून गेल्यावर त्यांनाही ते जरा विचित्र वाटलं असावं. ताईने त्यांच्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला याच एका भीतीवर बांधून होता, हे तिला लख्ख कळलं, आणि गंमत म्हणजे भीती काही वाटली नाही. तिने पर्स खांद्याला अडकवली आणि दांड्याला कमरेने रेटा दिला. दांडा खटकन फिरला आणि ती रस्त्यावर होती.

“ताई?” धाकटी बाकावरून उठली. भाचीने तिचा हात ताईच्या हातात दिला. धाकटीने मान कलती केली, ताईच्या डाव्या कानाकडे बघितलं, मग उजव्या. टोपी पुढे ओढली. हाताचा आडोसा केला. बराच वेळ खटपट केली. आणि मग एखाद्या शाळकरी मुलीसारखा तिचा चेहरा पडला.

“नाही गं दिसत. नुसता पांढरा उजेड. मघाशी, आम्ही आलो ना, तेव्हा मला जाळी दिसत होती, बसची लाल पट्टी दिसत होती. तेव्हा आली असतीस तर...”

ताईच्या डोळ्यांपुढे कलिंगडाच्या फोडी आल्या. पुढे कितीतरी दिवस ती कलिंगड खाऊ शकली नाही.

तिघी रस्त्यापलीकडच्या एका कॉफीच्या दुकानात गेल्या. भाचीने सगळ्यात अंधारा कोपरा निवडला, पडदा ओढला, दिव्याची जागा बदलून पाहिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी धाकटीने ताईचा चेहरा हातांनी चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी. “नाक तेच आहे,” म्हणाली. “बाकीचं कळत नाही. हातांना काय कळतंय? मला बघायचं होतं.”

मग बोलणं सुरू झालं आणि थांबेना. आईच्या हातचा मार निघाला, एकीच्या पायातली चप्पल दुसरीने पळवल्याचं भांडण निघालं, ते भांडण अजून मिटलं नव्हतं हेही निघालं. धाकटी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टूल टाकून बसते. तिथला उजेड चांगला असतो. काल सकाळी तिने दुधाच्या पिशवीवरची अक्षरं वाचली.

“सगळी?” ताईने विचारलं.

“सगळी कुठली! पण वाचली.” तिने कॉफीचा कप चाचपून उचलला. “भावोजी कुठे आहेत गं?”

“पासपोर्ट आणायला गेलेत.”

“अजून?”

खरंच, अजून! दुपार कलली तरी साहेबांचा पत्ता नव्हता. जहाज एवढंही लांब नव्हतं. भाची दोनदा फाटकाशी जाऊन बघून आली. दुसऱ्या वेळी म्हणाली, “मावशी, काका आत उभे आहेत. काचेच्या खोलीच्या सावलीत. मी हात केला तर त्यांनी घड्याळ दाखवलं.”

झालं होतं असं, की साहेबांनी पासपोर्ट केव्हाच काढले होते. मग जहाजावर जेवणाची वेळ झाली होती म्हणून ते जेवले. मग फाटकाशी आले आणि तिथेच थांबले. ओरिजिनल घेऊन बाहेर पाऊल टाकायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. मेहुणी रस्त्यापलीकडे बसली होती, पन्नास पावलांवर. तिचे डोळे जातायत हे त्यांना ठाऊक होतं. पण जोखीम ती जोखीम.

जहाजाचा पहिला भोंगा झाला तेव्हा ताई दोघींना घेऊन फाटकाशी आली. धाकटीने तिचा हात घट्ट धरला होता.

“आलात का राणीसरकार!” आतून साहेब कडाडले. “अख्खा दिवस उन्हात उभा केलात मला.”

“आत ये,” पहारेकरीण ताईला म्हणाली, “पासपोर्ट दाखवून.” साहेबांनी पाऊचमधून ताईचा पासपोर्ट काढला, एकदा उघडून खात्री केली आणि नाइलाजाने काचेखालून सरकवला. पहारेकरणीने फोटो बघितला, ताईचा चेहरा बघितला, मान डोलावली. आणि पासपोर्ट बाहेरच्या खिडकीतून ताईच्या हातात दिला.

“माझ्याकडे द्या,” आतून साहेबांनी हात पुढे केला.

“ज्याचा फोटो, त्याच्या हातात,” पहारेकरीण म्हणाली आणि पुढच्याकडे वळली.

ताई तो हातात धरून उभी राहिली. तीन पासपोर्ट झाले, पण हातात असा कधी आला नव्हता. फोटो काढायला जायची, सही करायला जायची, की लगेच साहेबांची पाऊच. तिने पानं चाळली. कोऱ्या पानांत एकच शिक्का होता, जरासा तिरका.

“हा शिक्का किती दिवसांचा आहे?” तिने खिडकीतून विचारलं.

पहारेकरणीने वाकून बघितलं. “महिनाभराचा.”

“म्हणजे मी महिनाभर राहू शकते?”

“राहा की. जहाजाला कळवावं लागेल, ते मी फोन करून सांगते. सामान?”

“तिचे कपडे मला होतात,” ताईने धाकटीकडे बोट दाखवलं.

साहेबांना हे सगळं समजायला वेळ लागला. कोणताही ताजा कागद समोर आला की त्यांना वेळ लागायचाच. “काय चाललंय काय? चल आत, भोंगा झाला.”

“मी येत नाही.”

“येत नाही म्हणजे?”

“तिला मी सकाळीच दिसते. आजची सकाळ तुम्ही खाल्लीत. म्हणून उद्या.”

“आणि लोकांना काय सांगू? बायको कुठे म्हणून विचारलं तर?”

“तुमच्याकडे माझी प्रत आहे ना?” ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. “सही आहे, शिक्का आहे, पाण्यात पडली तरी काही होणार नाही. ती घेऊन जा. इतकी वर्षं तिच्यावरच तर भागवलंत.”

धाकटीच्या तोंडातून “अगं ताई!” एवढंच निघालं. भाचीने तोंडावर हात ठेवला.

साहेबांचे ओठ हलले. रागवावं, की हात जोडावेत, की शिक्का काढावा, हे त्यांना ठरवता येईना. आपण काय चुकलो, असं ते विचारतील, अशी एक वेडी आशा ताईला क्षणभर वाटून गेली. विचारलं असतं तर कदाचित ती विरघळलीही असती.

“माझ्या रात्रीच्या गोळ्या कुठे आहेत?” साहेबांनी विचारलं.

“निळ्या बॅगेत. वरचा कप्पा.”

“आणि सकाळच्या?”

“तिथेच.”

साहेब वळले. बसकडे जाताना दोनदा थांबले, ताईला वाटलं मागे बघतायत. ते पाऊचची चेन नीट लागलीय का ते बघत होते.

जहाज गेलं. धाकटीच्या घरी त्या रात्री तिघींनी भात आणि कसलीशी पातळ भाजी खाल्ली. मुलाचा फोन आला, त्याला बापाने आधीच कळवलं होतं. मुलगा म्हणाला, “आई, तू बरी आहेस ना?” ताई म्हणाली, “बरी आहे, महिन्यानंतरचं तिकीट काढून ठेव. आणि सोफ्यावरची चादर काढून धुवायला टाक.” पलीकडून हसण्याचा आवाज आला.

पहाटेच दोघी स्वयंपाकघरात येऊन बसल्या. भाचीने दूध गॅसवर ठेवलं. बाहेर उजाडायला लागलं तशी धाकटीने ताईचं स्टूल हाताने सरकवून खिडकीसमोर आणलं, मग थोडं डावीकडे, मग पुन्हा थोडं मागे. स्वतः समोर बसली. मान कलती करून तिच्या कानाकडे बघायला लागली. मुलगी बघायला आले होते तेव्हासुद्धा ताई इतकी घाबरली नव्हती.

मग धाकटीचा चेहरा हळूहळू उलगडत गेला.

“अगं बाई,” ती म्हणाली, “किती म्हातारी झालीस गं!”

“तू काय सोळा वर्षांची आहेस?”

“केस तर सगळेच पांढरे. आणि हा डाग कसला गालावर? मला कधी सांगितला नाहीस.”

ताईला हसू यायला लागलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ते पुसायला तिने पदर उचलला. मागे दूध वर येत होतं, भाची धावली, पण तोवर ते उतू जाऊन चरचरलं. ताई सवयीने गॅसकडे वळली.

“हलू नकोस,” धाकटी ओरडली. “अजून बघून झालं नाही माझं.”